घड्याळ कुणाच्या हाती?

ग्राफिक नॉव्हेलवरून केलेला सिनेमा पाहून थिएटरबाहेर पडणाऱ्या दोन वाचकांचं सहसा एकमत होत नाही. एकाला वाटतं, पुस्तकातली चित्रं जशीच्या तशी पडद्यावर आली, आणखी काय हवं? दुसऱ्याला वाटतं, चित्रं सगळी आली, पण पुस्तक मागेच राहिलं. दोघांचंही म्हणणं बरोबर असू शकतं. ते कसं, हे समजून घ्यायचं असेल तर झॅक स्नायडरचा ‘वॉचमेन’ पाहावा. ६ मार्च २००९ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या या सिनेमानं मूळ पुस्तकातल्या चौकटी ज्या निष्ठेनं उतरवल्या, तशी निष्ठा सुपरहिरोंच्या सिनेमांत क्वचितच दिसते. तरीही पुस्तक वाचून गेलेला माणूस वेगळ्याच अनुभवातून बाहेर येतो. या वेगळेपणाचं कारण शोधणं हे या प्रकरणाचं काम आहे. त्यासाठी कथेच्या शेवटाबद्दलही बोलावं लागेल, कारण पुस्तक आणि सिनेमा यांच्यातलं अंतर तिथेच सर्वांत जास्त आहे.

बारा अंकांचं पुस्तक

इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनचा लेखक ॲलन मूर आणि चित्रकार डेव्ह गिबन्स यांनी ‘वॉचमेन’ अमेरिकेतल्या डीसी कॉमिक्ससाठी केलं. रंग जॉन हिगिन्स यांचे. १९८६ आणि १९८७ मध्ये बारा सुटे अंक निघाले आणि नंतर ते एकत्र बांधून बारा प्रकरणांचं, चारशेहून अधिक पानांचं पुस्तक झालं. डीसीनं तेव्हा चार्लटन कॉमिक्स या दुसऱ्या कंपनीचे काही नायक विकत घेतले होते आणि मूरच्या मनात सुरुवातीला तेच होते. पण कथेच्या शेवटी त्यातले बरेचसे नायक मेलेले किंवा पुन्हा वापरता न येण्यासारखे झालेले असणार, हे डीसीचे संपादक डिक जिऑर्डानो यांच्या लक्षात आलं. त्यांनी नवी पात्रं घडवायला सांगितलं. पुस्तकाला त्याचा फायदाच झाला. पुढच्या महिन्याच्या अंकासाठी जपून ठेवायची नसल्यामुळे या पात्रांना म्हातारं होता आलं, खचता आलं, गुन्हा करता आला आणि मरताही आलं.

कथा १९८५ च्या न्यूयॉर्कमध्ये घडते, पण तो इतिहास आपल्या ओळखीचा नाही. इथे व्हिएतनामचं युद्ध अमेरिकेनं जिंकलं आहे, निक्सन अजून राष्ट्राध्यक्ष आहेत आणि रशियाशी अणुयुद्ध होणार या भीतीखाली शहर जगतं आहे. मुखवटे चढवून गुन्हेगारांना झोडपणाऱ्या मंडळींवर १९७७ च्या कायद्यानं बंदी आली आहे. त्यांच्यातला एक जण, कॉमेडियन, उंच इमारतीच्या खिडकीतून खाली फेकला जातो. बंदी झुगारून हिंडणारा रोर्शाक खुन्याच्या मागावर निघतो. अलौकिक शक्ती म्हणावी अशी इथे एकाकडेच आहे. प्रयोगशाळेतल्या अपघातातून निळा, जवळजवळ देवासारखा झालेला डॉक्टर मॅनहॅटन. बाकीचे सगळे हाडामांसाचे. कुणी एकाकी, कुणी क्रूर, कुणी आपल्या हुशारीवर नको इतका विश्वास ठेवणारा. ज्यांना कुणी निवडून दिलं नाही त्यांच्या हाती इतकी ताकद गेली, तर त्यांच्यावर नजर कुणी ठेवायची, हा पुस्तकाचा प्रश्न आहे.

या पुस्तकाला १९८८ मध्ये विज्ञानकथांच्या क्षेत्रातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. २००५ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकानं १९२३ पासूनच्या शंभर उत्तम इंग्रजी कादंबऱ्यांची यादी केली, तीत ते नेहमीच्या कादंबऱ्यांच्या रांगेत बसलं. साहजिकच सिनेमावाले त्याच्या मागे लागले. टेरी गिलियमसारख्या कल्पक दिग्दर्शकानं बरीच खटपट केली आणि शेवटी याचा सिनेमा होऊ शकत नाही, झाली तर कित्येक तासांची मालिका होईल, या मतावर तो आला. पुढे डॅरन ॲरोनॉफ्स्की आणि पॉल ग्रीनग्रास यांचीही नावं या प्रकल्पाशी जोडली गेली आणि मागे पडली. मूर मात्र ठाम होता. सिनेमाला किंवा साहित्याला जमणार नाही ते कॉमिक्सला जमतं, हे दाखवण्यासाठीच आपण हे पुस्तक लिहिलं, असं तो सांगत आला. त्याच्या आणि प्रकाशकाच्या बिनसण्यामागे हक्कांचाही प्रश्न होता. पुस्तक छपाईतून गेलं की हक्क निर्मात्यांकडे परत येणार, असा करार होता. पुस्तक इतकं खपत राहिलं की ते छपाईतून कधी गेलंच नाही. सिनेमाच्या श्रेयनामावलीत मूरनं आपलं नाव येऊ दिलं नाही आणि आपल्या वाट्याचे पैसे गिबन्सकडे वळवले. गिबन्सनं सिनेमाला मनापासून साथ दिली. एकाच पुस्तकाच्या दोन जन्मदात्यांनी घेतलेल्या या दोन भूमिका प्रामाणिक आहेत, आणि दोन्हींना आधार आहे.

वाचकाची लय

कॉमिक्समध्ये काळ कसा वाहतो, हे आधी पाहू. पानावर चौकटी असतात आणि दोन चौकटींच्या मध्ये कोरी पट्टी. पहिल्या चौकटीत हात उगारलेला, दुसऱ्या चौकटीत माणूस पडलेला. मधला घाव कुणी काढलेला नसतो, तो वाचकाच्या मनात बसतो. स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकी चित्रकारानं १९९३ मध्ये कॉमिक्सबद्दल कॉमिक्सच्याच रूपात एक पुस्तक लिहिलं, त्यात हे फार नेमकं मांडलं आहे. एका चौकटीत कुऱ्हाड उगारलेला माणूस, पुढच्या चौकटीत रात्रीच्या शहरावर उमटलेली किंकाळी. कुऱ्हाड किती जोरात पडली, कुठे पडली, हे ठरवणारा वाचक असतो. म्हणून त्या खुनात त्याचाही हात असतो.

दुसरी गोष्ट वेगाची. चौकटीवर किती वेळ थांबायचं, मागचं पान उलटून पुन्हा पाहायचं की नाही, हे वाचक ठरवतो. ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधला वेताळ मराठीतून वाचत वाढलेल्या पिढीला हे स्वातंत्र्य वेगळं समजावून सांगायला नको. आवडलेल्या चौकटीवर रेंगाळायला कुणाची परवानगी लागत नव्हती. पोथी आपण आपल्या लयीत वाचतो, कीर्तनात मात्र बुवांच्या लयीनं जावं लागतं. ग्राफिक नॉव्हेल आणि सिनेमा यांच्यात नेमका हाच फरक आहे. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रं दाखवतो आणि प्रत्येक चित्राचा वेळ आधीच ठरलेला असतो. थिएटरातलं घड्याळ दिग्दर्शक आणि संकलक यांच्या हाती असतं.

मूर आणि गिबन्स यांनी वाचकाच्या या अधिकारावर सगळं पुस्तक उभारलं. बहुतेक पानांवर तीन ओळींत तीन-तीन, अशा नऊ सारख्या चौकटींची बैठक आहे. गरज पडेल तिथे दोन किंवा तीन चौकटी जोडून एक मोठी केलेली, पण खालचा ठेका कायम. चौकटी सारख्या असल्यामुळे चित्रकार आपल्याला ‘इथे दचका’, ‘इथे टाळ्या वाजवा’ असं ओरडून सांगत नाही. खून, जाहिरातीचा फलक आणि चहाचा कप यांना पानावर सारखीच जागा मिळते. काय महत्त्वाचं, हे वाचकालाच ठरवावं लागतं. शेवटचा सोडून प्रत्येक अंकाच्या अखेरीस गद्य पानं आहेत. निवृत्त नायकाचं आत्मचरित्र, लेख, पत्रं, अहवाल. तिथे तर वाचकाची चाल आणखी मंदावते.

मंगळावरचा फोटो

काळाचा हा खेळ सर्वांत सुंदर साधला आहे तो पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात. माणसांना कंटाळून डॉक्टर मॅनहॅटन मंगळावर जाऊन बसला आहे. त्याच्या हातात एक जुना फोटो आहे. १९५९ मध्ये जत्रेत काढलेला, तो स्वतः आणि त्याची मैत्रीण. त्याच दिवशी तिचं घड्याळ एका माणसाच्या पायाखाली चिरडलं गेलं होतं. ते दुरुस्त करून त्यानं आपल्या कोटाच्या खिशात ठेवलं, कोट प्रयोगाच्या कोठडीत विसरला, घड्याळ आणायला गेला आणि दार बंद झालं. त्याच्या शरीराचे कण कण झाले आणि त्यातूनच मॅनहॅटन घडला. मॅनहॅटनला भूत, वर्तमान आणि भविष्य एकाच वेळी दिसतं. काही क्षणांनी आपण हा फोटो वाळूत टाकणार आहोत, हे त्याला ठाऊक असतं. फोटो आत्ता हातात असतो आणि वाळूत पडलेलाही असतो.

आता हे पान समोर धरून पाहा. नऊ चौकटी एकदम डोळ्यांत भरतात. हातातला फोटो वर, वाळूतला खाली, जत्रा कडेला. मॅनहॅटनला काळ जसा दिसतो, तसंच वाचकाला पान दिसतं. पात्राची दृष्टी आणि पानाची रचना इतकी एकजीव झालेली उदाहरणं थोडी असतील.

स्नायडरनं हा भाग निष्ठेनं चित्रित केला आहे. बिली क्रुडप हळू, जवळजवळ सौम्य आवाजात आठवणी सांगतो आणि मागे फिलिप ग्लास यांचं संगीत चढत जातं. सिनेमातल्या उत्तम भागांपैकी हा एक आहे आणि तो पाहताना मी दर वेळी गुंतत जातो. पण इथे आठवणी एकामागून एक येतात. प्रेक्षक एका क्षणी एकाच काळात असतो. मॅनहॅटनचं दुःख आपल्याला कळतं, त्याची नजर मात्र मिळत नाही. हा दिग्दर्शकाचा दोष म्हणता येणार नाही. पान आणि पडदा यांचा स्वभावच वेगळा आहे.

पाचव्या प्रकरणात हा स्वभाव आणखी ठळक होतो. प्रकरणाचं पहिलं पान आणि अठ्ठाविसावं पान मांडणीत एकमेकांची प्रतिबिंबं आहेत, दुसरं आणि सत्ताविसावं तसंच, आणि असं करत मधोमध एक जोडपान येतं, जिथे ओझिमँडिअस या आणखी एका मुखवटेधाऱ्यावर हल्ला होतो. डबक्यातलं प्रतिबिंब, आरसे आणि रोर्शाकच्या मुखवट्यावरचे शाईचे डाग या साऱ्यांशी ही रचना जुळते. वाचताना ती कदाचित जाणवतही नाही. मग कधीतरी मधलं पान उघडून दोन्ही बाजूंनी पानं चाळली की सगळी आखणी उलगडते. सिनेमात हल्ल्याचा प्रसंग आहे, आरसे आहेत. ती रचना मात्र नाही, कारण प्रेक्षकाला सिनेमा मधून उघडून दोन्ही दिशांनी चाळता येत नाही.

एकच खून, दोन सुरुवाती

पुस्तकाचं मुखपृष्ठ हीच पहिली चौकट आहे. पिवळ्या हसऱ्या चेहऱ्याच्या बिल्ल्यावर रक्ताचा ओघळ. पहिल्या पानावर दृष्टी चौकटीगणिक वर वर जाते. रस्त्याकडेच्या रक्तात पडलेला बिल्ला, मग फूटपाथवर पाणी मारणारा माणूस, रक्तातून पाय टाकत जाणारा एक फलकधारी, मग उंच इमारत आणि शेवटी फुटलेल्या खिडकीतून खाली डोकावणारा पोलीस. खून होऊन गेलेला आहे. पोलीस घरभर फिरत अंदाज बांधतात आणि त्यांच्या बोलण्याच्या अधेमधे लाल रंगात न्हालेल्या मूक चौकटी येतात. एक गुद्दा, एक रक्ताळलेला चेहरा, एक काच. बाकीचं आपण जुळवायचं. तो फलकधारी म्हणजे मुखवट्याविना हिंडणारा रोर्शाक, हे वाचकाला पुढे पाचव्या प्रकरणात उमगतं आणि तो लगबगीनं पहिल्या पानाकडे परत येतो. पुस्तकाला त्याच्याकडून हेच हवं असतं.

सिनेमा खुनापासूनच सुरू होतो. म्हातारा कॉमेडियन घरात एकटा टीव्ही पाहतो आहे. दार फुटतं, टीव्हीवर नॅट किंग कोलचं एक हळवं गाणं चालू असतं आणि त्या सुरांवर दोघांची मारामारी चालते. सुरी भिंतीत रुतते, फरशी तडकते, शरीरं काचेवर आदळतात. मध्येच गती मंदावते, मग एकदम वाढते. हे तंत्र स्नायडरनं ‘३००’ या २००७ च्या सिनेमात, तोही एका ग्राफिक नॉव्हेलवरचाच, भरपूर वापरलं होतं. सेकंदाला चोवीसपेक्षा कितीतरी जास्त चित्रं टिपायची आणि ती नेहमीच्या गतीनं दाखवायची, म्हणजे हालचाल संथ होते. मग गती मध्येच सोडून द्यायची. त्यामागची कल्पना समजण्यासारखी आहे. क्षणभर थबकलेली आकृती चौकटीतल्या चित्रासारखी भासते.

पण थबकलेल्या गुद्द्यात आणि चौकटीतल्या गुद्द्यात फरक आहे. चौकटीवर वाचक थांबतो तेव्हा तो विचारतो, हा कोण, याला का मारतात, मी हे का पाहतो आहे? पडद्यावर कॅमेरा थांबतो तेव्हा तो आपल्याला सांगतो, पाहा, किती देखणं आहे. पहिल्यात शंका जागी होते, दुसऱ्यात नजर दिपते. पुढे गल्लीत डॅन आणि लॉरी हे दोन निवृत्त मुखवटेधारी गुंडांशी भिडतात, तिथेही हेच घडतं. पुस्तकात त्या झटापटीच्या मधोमध टीव्हीवरच्या मुलाखतीत घेरल्या गेलेल्या मॅनहॅटनच्या चौकटी येतात. एकीकडचं वाक्य दुसरीकडच्या चित्रावर पडतं आणि धापा टाकणारी दोन मध्यमवयीन माणसं उरतात. सिनेमानं ही उलटसुलट मांडणी ठेवली, पण मोडणारी हाडं आणि उडणारं रक्त यांनी प्रसंगाचा ताबा घेतला. मुखवट्याखालची माणसं दुबळी आहेत असं पुस्तक म्हणत राहतं, आणि सिनेमातली त्यांची शरीरं मात्र अजिंक्य दिसतात.

माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. पुस्तकाचा प्रश्न सत्तेवर नजर ठेवण्याचा आहे, आणि नजर ठेवायची तर पाहणाऱ्याला थांबता यायला हवं, मागे जाता यायला हवं, दोन गोष्टी ताडून पाहता यायला हव्यात. ग्राफिक नॉव्हेलचं रूप वाचकाला हे सारं देतं, म्हणून त्या प्रश्नाला ते रूप शोभतं. सिनेमा हातातलं घड्याळ काढून घेतो, आणि मग तोच प्रश्न विचारायला त्याला दुसरी वाट शोधावी लागते.

सिनेमानं जे आपलं दिलं

ती वाट या सिनेमाला एका ठिकाणी लखलखीत सापडली आहे, आणि ते ठिकाण पुस्तकात नाही. खुनानंतर श्रेयनामावली येते. बॉब डिलनच्या गाण्यावर चाळीसच्या दशकापासूनचा मुखवटेधाऱ्यांचा इतिहास आपल्यापुढून सरकतो. प्रत्येक दृश्य जवळजवळ स्थिर, एखाद्या फोटोसाठी उभं राहिल्यासारखं. फ्लॅशबल्बचा प्रकाश उडतो, माणसं किंचितच हलतात. महायुद्ध संपल्यावर टाइम्स स्क्वेअरमध्ये नर्सचं चुंबन घेणाऱ्या खलाशाचा फोटो जगाला माहीत आहे. इथे चुंबन घेणारी एक मुखवटेधारी स्त्री आहे. एका नायिकेच्या निवृत्तीची मेजवानी लिओनार्दोच्या ‘लास्ट सपर’सारखी मांडली आहे. केनेडींच्या हत्येच्या वेळी कुंपणामागे बंदूक घेऊन कोण उभं होतं, हेही दिसतं. पुस्तकानं प्रकरणाअखेरच्या गद्य पानांतून जे सांगितलं, ते इथे काही मिनिटांत, जवळजवळ संवादाविना कळतं. घड्याळ दिग्दर्शकाच्याच हाती आहे, पण ते त्यानं इतकं मंद केलं आहे की चित्राचे कोपरे तपासायला प्रेक्षकाला उसंत मिळते. इतिहासातले ओळखीचे फोटो वापरल्यामुळे मूळ फोटो आणि हे दृश्य यांच्यामधली पट्टी आपणच भरून काढतो. पुस्तकाची एकही चौकट न उतरवता सिनेमा इथे पुस्तकाच्या सर्वांत जवळ येतो.

सिनेमानं आणखीही काही दिलं. रोर्शाकचा मुखवटा पुस्तकात चौकटीगणिक वेगळा डाग दाखवतो, पण डाग सरकताना दिसू शकत नाहीत. पडद्यावर ते काळे ढग सतत जुळत, फाटत, पुन्हा जुळत राहतात, आणि चेहरा नसलेल्या माणसाच्या मनातली खळबळ डोळ्यांना दिसते. आवाजाचंही तसंच. पुस्तकात रोर्शाकच्या बोलण्याचे फुगे वेड्यावाकड्या कडांचे आहेत, मॅनहॅटनचे निळे. म्हणजे आवाज वेगळा आहे एवढी खूण वाचकाला मिळते. जॅकी अर्ल हेलीनं रोर्शाकला दिलेला खरखरीत, घशातून ओरबाडून काढलेला आवाज एकदा ऐकला की नंतर पुस्तक वाचतानाही तोच कानात येतो. मॅनहॅटनच्या भूमिकेत क्रुडपनं चित्रीकरणाच्या वेळी अंगभर निळे एलईडी दिवे जडवलेला पोशाख घातला होता. त्यामुळे शेजारच्या नटांच्या गालावर आणि भिंतींवर खरा निळा प्रकाश पडला, आणि नंतर संगणकावर बनवलेलं शरीर त्या प्रकाशात नीट बसलं. प्रेक्षकाला हे कळत नाही, पण तो निळा माणूस त्या खोलीत खरोखर आहे, यावर त्याचा विश्वास बसतो.

सहा मूक पानं

आता शेवट. दोन्हीकडे गुन्हेगार एकच आहे. जगातला सर्वांत हुशार माणूस म्हणवणारा ओझिमँडिअस. अणुयुद्ध टाळण्यासाठी दोन महासत्तांना एक समान शत्रू हवा, म्हणून तो लाखो माणसं मारतो. पुस्तकात तो एक राक्षसी, अनेक बाहूंचा जीव घडवून न्यूयॉर्कच्या मधोमध पाठवतो, म्हणजे जगाला वाटावं की परग्रहावरून हल्ला झाला. सिनेमानं हा जीव काढून टाकला. त्याऐवजी जगातल्या मोठ्या शहरांत स्फोट होतात आणि त्यांचा आळ मॅनहॅटनवर येतो. वाचकांमध्ये या बदलावरून फार वाद झाले. कथेच्या हिशेबानं पाहिलं तर बदल पक्का आहे. नवा राक्षस उभा करण्याऐवजी आधीपासूनच्या पात्राचा वापर झाला, आणि मॅनहॅटनला पृथ्वी सोडायला सबळ कारण मिळालं.

खरं नुकसान झालं ते दुसरीकडे, आणि त्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. पुस्तकात रस्त्याच्या एका कोपऱ्यावर वर्तमानपत्रांचा स्टॉल आहे. तिथला म्हातारा विक्रेता येणाऱ्या-जाणाऱ्याला युद्धाच्या बातम्या सांगतो आणि शेजारी टेकून बसलेला एक मुलगा फुकटात चाच्यांचं कॉमिक वाचत असतो. त्याच कोपऱ्यावर टॅक्सीवाली येते, मनोविकारतज्ज्ञ येतो, त्याची रुसलेली बायको येते, पोलीस येतात. कुणाकडे मुखवटा नाही. प्रकरणामागून प्रकरण आपण या माणसांना ओळखत जातो. अकराव्या प्रकरणाच्या शेवटी आकाश पांढरं होतं, तेव्हा म्हातारा त्या मुलाला मिठीत घेतो आणि दोघं त्या पांढऱ्यात विरून जातात.

मग बारावं प्रकरण उघडतं. इतका वेळ नऊ चौकटींच्या ठेक्यावर चाललेलं पुस्तक अचानक पानभर चित्रं दाखवतं. एक, दोन, तीन, अशी सहा पानं. रस्त्यावर, दारांत, खिडक्यांतून लोंबकळणारी प्रेतं. संवाद नाहीत. आणि त्या ढिगांत आपल्या ओळखीची माणसं आहेत. लहान चौकटीवर डोळा भरभर फिरतो, मोठ्या चित्रावर तो अडतो. पान उलटायचं की नाही, हे पुन्हा वाचकाच्याच हातात आहे, आणि उलटलं तर पुढे तेच आहे. ओझिमँडिअसचा हिशेब कितीही बिनतोड वाटला, तरी या सहा पानांनंतर तो नुसता आकड्यांचा हिशेब राहत नाही.

सिनेमात स्फोटात माणसं विरून जातात आणि मागे एक प्रचंड खड्डा उरतो. प्रेतं दिसत नाहीत. थिएटरमध्ये दाखवल्या गेलेल्या १६२ मिनिटांत त्या कोपऱ्यावरच्या माणसांना फारशी जागा मिळाली नव्हती, त्यामुळे मेलं कोण, हेही नीट कळत नाही. पुढे स्नायडरनं १८६ मिनिटांची आणि त्यानंतर २१५ मिनिटांची आवृत्ती काढली. या शेवटच्या आवृत्तीत चाच्यांची कथा ॲनिमेशनच्या रूपात आहे आणि तिच्यासोबत स्टॉलवरचे प्रसंगही परत आले. ज्यांना एकच आवृत्ती पाहायची असेल त्यांनी हीच पाहावी, असं मी सुचवेन. ती लांब आहे, काही जागी रेंगाळते, पण मुखवटा नसलेल्या माणसांना ती माणूस म्हणून उभं राहू देते.

दुसऱ्यांनी काढलेल्या वाटा

पान पडद्यावर आणायच्या आणखीही वाटा आहेत. फ्रँक मिलरच्या ‘सिन सिटी’चा सिनेमा रॉबर्ट रॉड्रिग्जनं २००५ मध्ये मिलरलाच सहदिग्दर्शक म्हणून घेऊन केला आणि काळ्या-पांढऱ्या चित्रांतलं जग हुबेहूब उभं केलं. ती कथा मुळात सावल्यांची आणि वेगाची, त्यामुळे तिला हा मार्ग मानवला. आंग ली यांनी २००३ च्या ‘हल्क’मध्ये पडदाच चौकटींत विभागला. एकाच वेळी तीन-चार चौकटी दिसू लागल्या, पण कुठली चौकट किती वेळ पाहायची हे तरीही प्रेक्षकाच्या हाती आलं नाही. २०१८ च्या ‘स्पायडर-मॅन : इन्टू द स्पायडर-व्हर्स’नं ॲनिमेशनच्या गतीतच अर्थ भरला. नवशिका नायक माइल्स सुरुवातीला दर दोन फ्रेमना एकदा हलतो, तर मुरलेला स्पायडर-मॅन दर फ्रेमला. दोघं जंगलात एकत्र झोके घेतात तेव्हा एकाचं अडखळणं आणि दुसऱ्याची सफाई एकाच दृश्यात दिसते. काळ सिनेमाच्याच हाती, पण त्या काळात पात्राचं मन उतरवलेलं.

‘वॉचमेन’कडेही नंतर कुणी वेगळ्या नजरेनं पाहिलं. २०१९ मध्ये डेमन लिंडेलॉफ यांनी एचबीओसाठी नऊ भागांची मालिका केली. तिनं पुस्तकाची गोष्ट पुन्हा सांगितली नाही. पुस्तकातला शेवट, त्या राक्षसी जीवासकट, घडून गेलेला इतिहास मानला आणि पुढची गोष्ट ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातून सुरू केली. तिथे १९२१ मध्ये गोऱ्यांच्या जमावानं कृष्णवर्णीयांची वस्ती जाळली होती. मुखवटा कोण घालतं, कशासाठी घालतं आणि त्याच्यावर नजर कुणाची, हा पुस्तकाचाच प्रश्न तिनं नव्या जखमेवर ठेवून विचारला. एकही चौकट न उतरवता पुस्तकाशी इमान राखता येतं, हे तिनं दाखवून दिलं.

पाहताना काय पाहावं

म्हणून ग्राफिक नॉव्हेलवरचा सिनेमा पाहायला बसताना जुळणाऱ्या चित्रांची मोजदाद मनातून काढून टाकावी. चित्र जुळणं हा सर्वांत सोपा भाग आहे, आणि आजच्या तंत्रज्ञानानं तो आणखी सोपा केला आहे. त्यापेक्षा तीन गोष्टींकडे लक्ष द्यावं. पुस्तकात जिथे आपण आपणहून थांबलो होतो, तिथे सिनेमा काय करतो? चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत आपण जे कल्पिलं होतं, ते त्यानं दाखवून टाकलं की आपल्यासाठी राखून ठेवलं? आणि ज्यांच्याकडे मुखवटा नाही, त्या माणसांना त्यानं किती वेळ दिला?

शक्य असेल तर पुस्तक आणि सिनेमा दोन्ही अनुभवावेत, आणि क्रम कुठलाही असला तरी चालेल. सिनेमा आधी पाहिला तर पुस्तकात आवाज आणि हालचाल सोबतीला येते. पुस्तक आधी वाचलं तर सिनेमातली प्रत्येक निवड डोळ्यांत भरते. ‘वॉचमेन’च्या बाबतीत मला स्वतःला दोन्ही हवेत. स्नायडरच्या श्रेयनामावलीविना या जगाचा इतिहास मला इतका जवळचा वाटला नसता. पण मुखवटा घातलेल्या ताकदीकडे संशयानं पाहायची सवय मला लावली ती पुस्तकानं, आणि ही सवय सिनेमापुरती ठेवायची नसते. आपल्या काळात बलवान माणसांची देखणी, वेगवान चित्रं चहूकडून अंगावर येतात आणि ती किती वेळ पाहायची हे दुसरेच ठरवत असतात. अशा वेळी थांबून, मागे जाऊन, ताडून पाहणं ही नागरिकाची गरज आहे, आणि बारा अंकांचं हे कॉमिक तिचा उत्तम सराव करून घेतं.